वाटेकरी कोण आणि वाटणारा कोण?

‘शेअर’ हा शब्द आमच्या धाराशिव जिल्ह्यात तीन वेळा आला. पहिल्यांदा तो सहकारी साखर कारखान्याबरोबर आला. ज्याच्या शेतात ऊस, त्याच्या पेटीत शेअरचा कागद. दुसऱ्यांदा तो काळ्या-पिवळ्या जीपगाडीबरोबर आला. जितकी माणसे कोंबता येतील तितक्यांत भाडे वाटून घ्यायचे. तिसऱ्यांदा तो मोबाईलमधून आला. आता शहरातील अर्थतज्ज्ञ सांगतात की, नवे युग वाटून घेण्याचे आहे. मोटारीत एक जागा रिकामी जाते आहे, घरातली एक खोली बंद पडून आहे, ट्रॅक्टर वर्षातून बरेच दिवस उभा आहे. तर या रिकाम्या वस्तू दुसऱ्याला घटकाभर वापरायला द्याव्यात, त्याने मोबदला द्यावा आणि दोघांचेही भले व्हावे. मालकीपेक्षा वापर मोठा, असे या अर्थकारणाचे तत्त्व सांगितले जाते.

विचार ऐकायला गोड आहे. परंतु ज्या समाजाच्या पदरात शतकानुशतके उरलेले आणि टाकलेलेच पडले, त्या समाजातील माणसाने ‘वाटून घेऊ या’ हे शब्द कानावर येताच दोन प्रश्न विचारले पाहिजेत. वाटेकरी कोण? आणि वाटणारा कोण? या दोन प्रश्नांच्या उजेडात आपल्या रोजच्या जगण्यातील वाटून घेण्याचे व्यवहार तपासावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वाटून वापरणे ही गोष्ट मोबाईलने शोधलेली नाही. आपल्या भागात सावड होती. एक बैल असलेला शेतकरी दुसऱ्या एका बैलाच्या धन्याशी सावड करी. दोघांचे मिळून औत होई आणि ते आज याच्या तर उद्या त्याच्या रानात चाले. वारंगुळा होता. आज मी तुझ्या कामाला येतो, उद्या तू माझ्या कामाला ये, असा तो श्रमाच्या फेडीचा व्यवहार. इर्जिक होती. एकाच दिवशी गावातील औते एखाद्याच्या रानात उतरत, पेरणी वा नांगरट उरकून देत आणि रानधनी सगळ्यांना जेवू घाली. या कशातही पैसा नव्हता, शब्द होता. ग्रामजीवनावर लिहिणाऱ्या मंडळींनी या चालींचे भरपूर कौतुक केले आहे. त्यात माणुसकी होती, हे मी नाकारीत नाही. पण त्या माणुसकीला एक कुंपण होते.

आईला मी एकदा विचारले, “आपल्या माणसांनी कधी सावड केली का गं?” ती म्हणाली, “सावडीला बैल लागतो बाबा. आपल्याकडं दावंच न्हवतं, तर बैल कुठला?” सावडीचे सगळे अर्थशास्त्र या उत्तरात आहे. वाटून घेण्यासाठी आधी आपले असे काहीतरी असावे लागते. ज्याच्याजवळ जमीन नाही, बैल नाही, विहीर नाही, तो सावडीत बसू शकत नाही. त्याने त्या सावडीच्या औतामागे मजुरीने चालायचे, किंवा इर्जिकीच्या पंगतीतले उरलेले दूर बसून घ्यायचे.

मग गावाच्या उत्पन्नात आमचा वाटा नव्हता काय? होता; त्याला बलुते म्हणत. खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, चांभार, महार, मांग यांनी आपापला वाटा न्यायचा. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. बिदर आमच्या उमरग्याला लागूनच. त्यामुळे ही कथा आमच्याकडे घरची म्हणून सांगितली जाई. पण ‘हक्क’ या शब्दाने फसू नये. या हक्काची मोजणी देणाऱ्याच्या हातात होती. सूप किती भरायचे, धान्य चांगले घालायचे की किडके, आज द्यायचे की चार खेपा घालायला लावायच्या, हे खळ्याचा मालक ठरवी. त्या बदल्यात राबणूक मात्र रात्रंदिवस आणि घरातल्या सगळ्यांची. ज्या वाट्याचे माप आपल्या हाती नाही आणि जो घेण्याचे नाकारताही येत नाही, त्याला वाटा म्हणणे म्हणजे गुलामीला गोंडस नाव देणे होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे अचूक ओळखले होते. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या राबणुकीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. फेब्रुवारी १९४१ मध्ये ढोकीजवळच्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले. आजूबाजूचा मुलूख तेव्हा निजामाचा होता. या परिषदेच्या नावातच एक मोठी गोष्ट आहे. ज्या दोन जातींना गावाने एकाच खळ्यावरच्या तुकड्यांसाठी एकमेकींपुढे उभे केले होते, त्या एका मांडवात बसल्या. खळ्यावर वाटा घेताना भांडणारे लोक वाट्याच्या पद्धतीविरुद्ध मात्र एकत्र येऊ शकले.

गावात ‘सगळ्यांचे’ म्हणून जे होते, त्याचीही हीच कथा. पाणवठा सगळ्यांचा, पण त्यात आम्ही नव्हतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जाऊन ओंजळ भरावी लागली. गायरान सगळ्यांचे, पण तिथे चरायला गाय ज्याची होती त्याचे. म्हणून तर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. मराठवाड्यात आज कित्येक दलित कुटुंबे गायरानाचा तुकडा कसून जगतात, ते या लढ्यांचे फळ आहे. २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, तेव्हा भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने रीतसर दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याला नमूद करावा लागला. सामायिक या शब्दापुढे ‘कुणाकुणाचे?’ हा प्रश्न लावल्याशिवाय न्याय होत नाही, असाच याचा अर्थ मी घेतो.

आता कारखान्याच्या शेअरकडे वळू. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याने १९५० च्या सुमारास गाळप सुरू केले आणि ती वाट पुढे मराठवाड्यातही आली. आमच्याकडे ढोकीला तेरणा कारखाना उभा राहिला. तो पुढे कित्येक हंगाम बंद राहिला, हा भाग वेगळा. शेतकऱ्यांनी भाग घालून कारखान्याचे मालक व्हावे, ही कल्पना थोरच होती. पण उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला जमीन आणि पाणी लागते. ऊस तोडणाऱ्याला शेअर मिळाला नाही; त्याला कोयता मिळाला. भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर टनावर ती फेडायची. बाईला वेगळा हिशेब नाही. तिची मजुरी नवऱ्याच्या नावावरच्या उचलीत बुडून जाते. एकाच उसाच्या कांडक्यात एकाचा शेअर आहे आणि दुसऱ्याची उचल आहे. सहकाराच्या गौरवग्रंथांत या दुसऱ्या शब्दाला फारशी जागा मिळालेली नाही.

जीपगाडीचा शेअर मात्र मला थोडा वेगळा वाटतो. ज्या खेड्यात एस.टी. दिवसातून एकदा येते, तिथल्या माणसाला तालुका, दवाखाना, कचेरी या जीपने जवळ आणली. या गाडीत शेजार निवडता येत नाही. बाजारच्या दिवशी पाटलाची सून, वस्तीतली म्हातारी, शाळेची पोरे आणि कोंबड्यांची पाटी सगळे मांडीला मांडी लावून बसतात. ड्रायव्हरला सीट भरायची असते, आडनाव विचारायला त्याला वेळ नसतो. पैसा इथे निदान घटकाभर जातीचे तोंड बंद करतो.

ही किरकोळ गोष्ट नव्हे. प्रवासाची भाड्याची जागा आपल्याला कशी मिळत होती, ते बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. १९०१ साली लहानगा भीम आणि त्याच्याबरोबरची मुले मसूर स्टेशनावर उतरली. ती महार आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, अशा अटीवर गाडी मिळाली. पुढे १९२९ साली, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यानंतर, चाळीसगावला टांगेवाला त्यांचा टांगा हाकायला तयार होईना. टांगा भाड्याने द्यायला तो राजी होता, हाकायला नव्हता. मग वस्तीतल्या, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने तो हाकला आणि पुलाशी अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. दोन्ही वेळा वाहन रिकामे होते, गिऱ्हाईक होते, पैसे होते. अर्थशास्त्राप्रमाणे व्यवहार सुरळीत व्हायला हवा होता. तो का झाला नाही, याचे उत्तर मागणी-पुरवठ्याच्या पुस्तकात सापडणार नाही.

आणि म्हणूनच मोबाईलवरच्या वाटणीकडे मी सावधपणे पाहतो. एअरबीएनबी ही कंपनी २००८ साली आणि उबर २००९ साली अमेरिकेत निघाली. आपल्याकडे ओला २०१० च्या अखेरीस आली. या कंपन्यांची गंमत अशी की, खोली त्यांची नाही, मोटार त्यांची नाही. देणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणे आणि मधला हिस्सा काढून घेणे, हा त्यांचा धंदा. अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा म्हणून त्या दोघांची नावे आणि गुण एकमेकांना दाखवले जातात. जीपगाडीत जे विचारायला वेळ नव्हता, ते नाव इथे बसण्याच्या आधीच पुढे येते.

याचा परिणाम काय होतो, ते अमेरिकेतील हार्वर्डच्या अभ्यासकांनी तपासले. त्यांनी एअरबीएनबीवर घरमालकांकडे खोलीची मागणी पाठवली. मजकूर सारखाच, फक्त नावे वेगळी. काही नावे गोऱ्यांत आढळणारी, काही काळ्यांत आढळणारी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, काळ्या वाटणाऱ्या नावांना होकार मिळण्याची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी कमी होती. आपल्या मुलाला पुण्यात खोली शोधताना जो प्रश्न प्रत्येक दारात ऐकावा लागतो, “आडनाव काय म्हणालात?”, त्याचेच हे परदेशी भावंड. फरक इतकाच की, दारातला मालक निदान आपल्या तोंडाकडे पाहून नकार देतो. मोबाईलवर नकाराचे कारण कधीच कळत नाही.

आमच्या जिल्ह्यातली पोरे या व्यवहारात बहुतेक वेळा देणारी वा घेणारी नसतात, ती वाहणारी असतात. पुण्यात, हिंजवडीत, पिंपरीत कर्जाच्या मोटारी चालवणारी आणि पाठीवर जेवणाची पेटी घेऊन धावणारी मुले विचारून पाहा. परंडा, कळंब, तुळजापूर ही नावे ऐकू येतील. कंपन्या त्यांना कामगार म्हणत नाहीत, ‘पार्टनर’ म्हणतात, म्हणजे भागीदार. भागीदाराला धंद्याचा हिशेब कळतो, दर ठरवताना त्याला विचारतात. या भागीदाराला दर सकाळी मोबाईलवर कळतो आणि गिऱ्हाइकाने राग म्हणून कमी गुण दिले तर कामही तुटू शकते. ओळखीच्या एका मुलाला मी विचारले, “तुझा मालक कोण?” तो हसून म्हणाला, “काका, मुकादम तरी डोळ्यानं दिसायचा. ह्यो खिशात बसलाय.” त्याचे आईबाप कोयत्यावर जात. त्यांची उचल आणि त्याचा मोटारीचा हप्ता यांतले नाते त्याने एका वाक्यात सांगितले.

नीती आयोगाने २०२२ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात अशा तऱ्हेचे ७७ लाख कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील, असा अंदाज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांचे नाव पहिल्यांदा कायद्यात घातले. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तीत आहे. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण सुरक्षा निधी म्हणजे भागीदारी नव्हे. सुपात दोन मुठी जास्त पडल्या म्हणून खळे आपले होत नाही.

मग वाटून घेणे हीच गोष्ट वाईट, असे मला म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. उलट खऱ्या वाटणीचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्यासारख्याच दलित-पीडित लोकांनी जगाला दिले आहे. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांना बसमध्ये मागे बसावे लागे, गोऱ्यासाठी उठावे लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी उठायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. काळ्या समाजाने बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. पण लांबच्या कामावर रोज पायी कसे जायचे? ज्यांच्याजवळ मोटारी होत्या त्यांनी त्या पुढे केल्या. तीनशेच्या आसपास मोटारी, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. शिक्षक, धर्मोपदेशक, दुकानदार धुणीभांडी करणाऱ्या बायांना कामावर सोडू लागले. नगर प्रशासनाने चालकांना दंड केले, मोटारींचे विमे रद्द झाले, शेवटी न्यायालयाकडून ही व्यवस्था बंद पाडण्याचा हुकूमही आणला गेला. पण त्याच सुमारास, नोव्हेंबर १९५६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काळ्यांच्या बाजूने लागला. तेच वर्ष आपल्या धम्मदीक्षेचे. मोटारीतली रिकामी जागा तिथेही वाटली गेली. पण तिच्यावर कुणी हिस्सा काढला नाही आणि तिने माणसाला ताठ मानेने चालायला शिकवले.

आपल्या वस्त्यांतही असे व्यवहार आहेत. आपण त्यांना अर्थकारण म्हणत नाही इतकेच. समाजाची भांडी घ्या. वर्गणी काढून पातेली, पराती, ताटे घेतलेली असतात, ती विहारात राहतात. ज्या घरी लग्न त्या घरी जातात आणि मोजून परत येतात. कुणाच्या घरी माती झाली तरी तीच भांडी जातात. श्रीमंताला वेगळी आणि गरिबाला वेगळी असा भेद नाही, कारण वर्गणी सगळ्यांची आहे. खुरपणीचे गुत्ते घेणाऱ्या बायांची टोळी घ्या. आठ-दहा जणी मिळून रान उक्ते घेतात आणि संध्याकाळी पैसे सारखे वाटतात. एखादी पोटुशी असते, एखादीचा हात म्हातारपणाने चालत नाही. तिची पात दुसरी ओढून घेते आणि वाटा मात्र सगळींना सारखा. आई म्हणत असे, “आज तिची पात मी ओढली, उद्या माझी कुणीतरी ओढंल.” दावे नसलेल्यांची सावड ती हीच.

भिशी आणि बचत गट हे याच झाडाचे फाटे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले, नाबार्डने १९९२ साली गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या उमरगा-लोहारा भागात बायकांच्या गटांना विशेष जोर आला. दर महिन्याला ठरावीक रक्कम, वहीत नोंद, अडचणीत कर्ज आणि ते कुणाला द्यायचे हे बैठकीत बसून ठरवायचे. इथे मापाचे सूप बायकांच्या हातात आहे. परंतु याच गटाचे सोंग घेऊन दुसरा एक व्यवहार गावात शिरला आहे, तो ओळखला पाहिजे. बाहेरच्या कंपन्या बायकांना गटाने कर्ज देतात. पैसा कंपनीचा, व्याज कंपनीने ठरवलेले आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात. फायद्यात वाटा नाही, जबाबदारीत मात्र सगळ्यांचा. एकमेकींची पात ओढणाऱ्या बायांना एकमेकींच्या वसुलीला लावणारी ही वाटणी आपल्या वस्तीची वीण उसवते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘शेअर’ हा शब्द घेऊन दारात आला, मग तो सहकाराचा असो, सरकारचा असो वा मोबाईलचा, तर आपण त्याला साधे तीन प्रश्न विचारावेत. वाटली जाणारी वस्तू कुणाच्या नावावर आहे? माप कुणाच्या हातात आहे? आणि मी ‘नको’ म्हटले तर माझी चूल पेटेल का? तीनही उत्तरे आपल्या बाजूची असतील तर ती वाटणी. नसतील तर ते बलुतेच, मग त्याला कोणतेही नवे नाव असो. ट्रॅक्टरची, अवजारांची, बोअरच्या पाण्याची, मोटारभाड्याच्या धंद्याची मालकी वस्तीतल्या माणसांनी एकत्र येऊन उभी करता येईल. त्यासाठी लागणारी शिस्त आपल्या बायका समाजाच्या भांड्यांच्या मोजणीत आणि गुत्त्याच्या पैशांत रोज पाळत आल्या आहेत. तीच आता मोठ्या हिशेबाला लावली पाहिजे.